साक्षीचे झाड

पर्सिमनच्या झाडाची साल चौकोनी तुकड्यांत फुटते. छातीच्या उंचीवर मी पट्टी लावली तेव्हा एकेक चौकोन पाऊण इंच भरला. बुंध्याशी, उत्तरेच्या अंगाला, सव्वा इंच. खोडाचा घेर एकतीस इंच, म्हणजे जाडी दहा इंचांनाही किंचित कमी. हे आकडे वहीत उतरवून मी क्षणभर थांबले. कॅप्टन हॅस्केल यांच्या पुस्तकात, पान दोनशे चारवर, या झाडाच्या आडोशाला तीन माणसे एकमेकांना चिकटून बसली होती असे लिहिले होते. आज एकोणचाळीस वर्षांनी त्यामागे एक सडपातळ माणूस कसाबसा मावला असता.

"मापं कसली घेताय, बाई? झाडाला कोट शिवायचाय का?" कॅप्टन हॅस्केल मागून ओरडले. त्यांना थोडे कमी ऐकू येत असे, त्यामुळे त्यांचे हळू बोलणेही शेतापलीकडे ऐकू जाई.

"साक्षीचं झाड आहे, कॅप्टन," मी म्हणाले. "नोंदीत जात, घेर आणि वय लागतं."

सर्वेक्षणात एखादी खूण जमिनीवर टिकणार नसेल तर जवळच्या झाडावरून तिचे अंतर मोजून ठेवतात. ते साक्षीचे झाड. माझे वडील जिल्ह्याचे सर्वेक्षक. त्यांनी तरुणपणी एकदा चुकीच्या ओकला साक्षीदार केले होते आणि त्यापायी दोन शेजारी अकरा वर्षे कोर्टात भांडले. तेव्हापासून आमच्या घरात कोणत्याही झाडाला वय विचारल्याशिवाय त्याची साक्ष घेत नाहीत. त्या मंगळवारी वडील तापाने पडून होते, म्हणून कोन मोजायचा थिओडोलाइट, मोजणीची साखळी आणि खुंट्या घेऊन मी आले होते. एरवी मी गावातल्या मुलींच्या शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत असे.

काम तसे लहान होते. उत्तरेकडच्या मेन राज्यातल्या एका पलटणीचे स्मारक इथे, दक्षिणेतल्या या शेतात उभे राहायचे होते. उत्तर-दक्षिण यादवी युद्धात, अठराशे चौसष्टच्या जूनमध्ये, ती पलटण खालच्या रस्त्यावरून उठून टेकाडावरच्या मातीच्या तटावर चालून गेली होती. सातशे माणसे निघाली, दोनशे परतली. अकरा टनांची ग्रॅनाइटची शिळा रेल्वेने आठवड्यापूर्वीच आली होती आणि स्टेशनावर उघड्या वाघिणीत पडून होती. तिच्यावर मेलेल्यांची नावे होती आणि तळाशी एकच वाक्य: 'ते इथवर आले.'

त्या 'इथवर'साठी मला खुंटी ठोकायची होती. दुपारी बारापर्यंत. खेचरांच्या चार जोड्या ठरल्या होत्या आणि कारागीर छिन्नी घेऊन स्टेशनावर बसला होता, कारण कंपनी के च्या यादीखाली एक ओळ अजून मोकळी होती.

ती ओळ ज्यांना हवी होती त्या मिस थर्झा कोल्बी घडीच्या स्टुलावर, मांडीवर टोपली घेऊन बसल्या होत्या. छप्पन्न वर्षांच्या, काळी गवती टोपी, पाठ ताठ. त्यांचा भाऊ ॲल्व्हा वीस वर्षांचा असताना या शेतात गेला आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे 'बेपत्ता' असे लिहिले गेले.

"कॅप्टन, मी पुन्हा विचारते," त्या म्हणाल्या.

"मिस कोल्बी, मी पुन्हा तेच सांगतो. बेपत्ता माणसाचं नाव कोरायचं तर त्याला पडताना पाहिलेला एक तरी साक्षीदार शपथेवर पाहिजे. कमिटीचा ठराव आहे. मी एकट्यानं नाही केलेला."

"ठराव तुम्हीच लिहिलात."

"अक्षर माझं चांगलं आहे म्हणून."

मग दोघांनीही चौथ्या माणसाकडे पाहिले. लिअँडर फॉस जरा लांब उभे होते, टोपी हातात घेऊन तिची कड बोटांनी फिरवत. चढाईत एकामागून एक सगळे अधिकारी पडले तेव्हा तिथे उरलेला सर्वांत वरच्या हुद्द्याचा माणूस म्हणजे सार्जंट फॉस, वय बावीस. कॅप्टन हॅस्केल स्वतः रस्ता ओलांडतानाच मांडीत गोळी लागून पडले होते. त्यांचे अख्खे पुस्तक ऐकीव होते, आणि त्यातला शेवटचा भाग फॉस यांच्या तोंडून ऐकलेला.

"लिअँडरला नका त्रास देऊ," मिस कोल्बी म्हणाल्या. "त्यानं नाही पाहिलं. एकोणचाळीस वर्षं विचारतेय मी त्याला. धूर होता म्हणतो."

"धूर होता," फॉस म्हणाले, टोपीकडे बघत.

"गावात सगळ्यांना मात्र धुरातूनही बरोबर दिसलं," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "कुणी म्हणतं ॲल्व्हा पळाला, दक्षिणेत घरजावई झालाय. कुणी म्हणतं बाल्टिमोरला दुकान काढलंय. मे महिन्यात शाळेची पोरं सैनिकांच्या थडग्यांवर निशाणं लावायला निघतात, ती आमच्या फाटकापाशी आली की गाणं बंद करतात. आई गेली त्या वर्षीसुद्धा बंद केलं. लिअँडर होता म्हणून मी तरले. दर हिवाळ्याला लाकडं फोडून रचून देतो. एक वर्ष चुकला नाही."

फॉस यांची बोटे टोपीच्या कडेवर थांबली.

मी झाडाकडे वळले. पिशवीतून गिरमिट काढले. हे साधे लाकूड पोखरणारे गिरमिट नव्हे. आत पोकळ असते आणि फिरवत नेले की झाडाच्या पोटातून पेन्सिलीसारखी बारीक कांडी बाहेर काढते. झाडाला त्याने काही होत नाही. मी जमिनीपासून वीतभर उंचीवर टोक टेकवले आणि फिरवायला लागले.

कॅप्टन हॅस्केल तेवढ्यात झाडाची मालकी घेतल्यासारखे फांदीपाशी गेले. फळे नारिंगी झाली होती, लहान टोमॅटोएवढी. त्यांनी एक तोडून तोंडात टाकले, चावले, आणि त्यांचा सगळा चेहरा ओठांभोवती गोळा झाला.

कुणीतरी मोकळेपणाने हसले. बांधावरून मिस्टर आयशम पेग्रम येत होते. शेत त्यांचे होते, स्मारकापुरता तुकडा त्यांनीच द्यायचा होता.

"दहिवर पडू द्या की, साहेब!" ते म्हणाले. "थंडीनं चांगलं सुरकुतल्याशिवाय पर्सिमन खायचं नसतं. आता दुपारपर्यंत शिट्टी वाजवू नका म्हणजे झालं."

कॅप्टननी थुंकून रुमाल ओठांवर दाबला. "आयशम, आमच्याकडं हे भूत उगवत नाही."

"ते दिसलंच."

कांडी बाहेर आली होती. मी ती वहीच्या पुठ्ठ्यावर ठेवली, बोट ओले करून फिरवले आणि भिंग लावले. सालीकडून मोजत गेले, एका वर्षाचे एक वलय. दर दहाव्या वलयाला टाचणीने टोचले. छत्तीस. उलट्या बाजूने, गाभ्याकडून मोजले. छत्तीस. दुसऱ्या अंगाने दुसरी कांडी काढली. त्यात गाभा जरा हुकला होता; चौतीस मिळाली आणि आत दोनेकांची जागा.

"झालं का?" कॅप्टन म्हणाले. "खुंटी या झाडाच्या बुंध्याशी. तटापासून नव्वद यार्ड. पुस्तकात तेच आहे."

"कॅप्टन, हे झाड छत्तीस वर्षांचं आहे."

"मग?"

"लढाई एकोणचाळीस वर्षांपूर्वी झाली."

ते हसले. "तीन वलयं राहिली असतील मोजायची. बायकांचे विणकामातले टाके मोजायचे राहतात तशी."

"तीन राहिली असं धरू. तरी लढाईच्या दिवशी हे झाड तुमच्या बोटाएवढं होतं. तुमच्या पुस्तकात त्यामागे तीन माणसं बसलीत."

मिस कोल्बींनी टोपली खाली ठेवली.

"मी स्वतः ओळखलं हे झाड," कॅप्टन म्हणाले. आवाज आता खरोखरच मोठा झाला होता. "एकोणनव्वद साली, पलटणीच्या पहिल्या मेळाव्याला. फॉसनं जखमींच्या तंबूत, रक्ताच्या बादल्यांमध्ये, मला सांगितलं होतं, 'पर्सिमनपर्यंत गेलो.' मी या शेतात आलो, विचारलं पर्सिमन कुठलं, आणि हे एकच उभं होतं. मी म्हणालो, हेच! सगळ्यांनी टोप्या काढल्या. फॉस इथं माझ्या शेजारी उभा होता. हो ना रे, फॉस?"

"होतो," फॉस म्हणाले.

"मिस्टर पेग्रम," मी विचारले, "त्या वेळी इथं दुसरं पर्सिमन होतं का?"

"हे नव्हतंच, मिस व्हेनेबल. हे मी राखलं म्हणून वाढलं. जुनं खाली होतं, त्या झुडपांत. तोफेनं अर्धं उडालं, उरलेलं मी तोडलं. पण पर्सिमनची मुळं हट्टी. दर वर्षी छाटतो, दर वर्षी फुटतात. नांगर तिथं घालतच नाही मी."

मी साखळी उचलली. त्यांनी दुसरे टोक धरले. उतारावरून झुडपांपर्यंत एकशे अठरा यार्ड भरले. फुटव्यांच्या मधोमध जुना बुंधा होता, कुजून वाटीसारखा झालेला. उरलेल्या कडेवरून मोजला तर आडवा बावीस इंच. त्याच्या अलीकडे जमीन खचल्यासारखी खोलगट होती, शेताच्या रुंदीभर गेलेली एक घडी. मी थिओडोलाइट बाजूला ठेवला आणि त्या खोलगटात सरळ पालथी पडले. तट दिसेना. कोपरांवर उठले, दिसेना. गुडघ्यांवर उभी राहिले तेव्हा तटाची अख्खी कड डोळ्यांसमोर आली. जमिनीपासून दोन फूट उंचीपर्यंत माणूस सुरक्षित होता, तीन फुटांवर नव्हता. हेही वहीत लिहिले.

वर आलो तेव्हा फॉस तिथेच, त्याच पावलांवर उभे होते. माझ्या स्कर्टला लागलेल्या मातीकडे त्यांनी पाहिले आणि मी कुठे आणि कशी पडले होते हे त्यांना कळले असे मला वाटले.

"आणि मेलेले कुठं होते?" मिस कोल्बींनी पेग्रमना विचारले. "तुम्ही होता तेव्हा?"

"मी पंधराचा होतो, बाई, तेव्हाच्या मालकाचा गुलाम. तिसऱ्या दिवशी पांढरं निशाण लागलं तेव्हा आम्हाला फावडी देऊन पाठवलं. मालकाचं पोरगं घरात आणि आम्ही शेतात, नेहमीसारखंच." त्यांनी उताराकडे हात केला. "ओट होता या शेतात तेव्हा. कमरेएवढा, कापायला आलेला. रस्त्यापासून त्या झाडापर्यंत पार तुडवलेला. माणसं त्यात पडलेली, मोजायचीच नाहीत. खोलगटात ओट आडवा झोपलेला, रांगेनं, एक माणूस मावेल एवढा, मग दुसरा, मग तिसरा. लोक निजले होते तिथं. आणि त्याच्या वर..."

"आयशम, पुरे," कॅप्टन म्हणाले.

"शेत माझं आहे, साहेब," पेग्रम सावकाश म्हणाले. "त्याच्या वर ओट उभा होता. गोळ्यांनी कणसं उडालेली, पण काडी उभी. फक्त एक वाट होती. एका माणसाची. सरळ, कुठं वाकडी नाही. थेट खंदकापर्यंत. खंदक पंधरा पावलं राहिला तिथं तो पडला होता, तोंड तटाकडं."

मिस कोल्बी उठून उभ्या राहिल्या. "कोण?"

"नाव कुणाला विचारू, बाई? पोरगाच होता. मी त्याला तिथंच पुरलं, वेगळं. दोन वर्षांनी सरकारी माणसं आली, सगळ्यांची हाडं मोठ्या कबरस्तानात घेऊन गेली. पाटीवर 'अज्ञात' असं घातलं."

"केस कसे होते?"

"तिसरा दिवस होता, बाई. जूनचा." त्यांनी मान खाली घातली. "सांगता आलं असतं तर सांगितलं असतं."

कॅप्टन हॅस्केल यांनी घड्याळ काढले. सव्वाअकरा झाले होते. ते फॉस यांच्याजवळ गेले, त्यांच्या दंडाला धरून दहा पावले बाजूला नेले आणि त्यांच्या मते अगदी हळू बोलू लागले. आम्हा तिघांना शब्दन् शब्द ऐकू येत होता.

"हे बघ, फॉस. बाईला नाव हवंय ना? देऊ. तू एवढंच म्हण, की ॲल्व्हा कोल्बी या झाडापाशी आपल्या लोकांत पडला, तू पाहिलास. मी शपथपत्र इथंच लिहितो. कारागीर नाव कोरील, शिळा इथं उभी राहील. कुणाचं काय बिघडलं?"

फॉस यांनी टोपी दुसऱ्या हातात घेतली.

"आणि दुसरं केलंस तर काय होईल ते ऐक. नव्वद यार्डांचे दोनशे आठ होतील. गव्हर्नर येणारेत अनावरणाला. सगळी वर्तमानपत्रं विचारतील, पलटण तिथं का थांबली? कुणी थांबवली? खोलगटात निजली म्हणे! तुझ्या नातवंडांना विचारतील. थडग्यांत आहेत त्यांना उत्तरही देता येणार नाही. पाचशे माणसं पडली, फॉस. त्यांना नव्वद यार्ड पुरतात की नाही?"

"त्यांना काय पुरतं ते मला माहीत नाही, कॅप्टन."

"मग मला माहीत आहे असं समज."

ते माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही नोंद करा. झाडाचं वय लिहायचं असेल तर लिहा तळटिपेत. खुंटी इथं ठोका."

"झाड खोटं साक्षीदार आहे एवढं मी लिहू शकते," मी म्हणाले. "रांग कुठं थांबली हे मला लिहिता येत नाही. मिस्टर पेग्रमनी लढाई नाही पाहिली, तुम्हीही नाही. त्याला वर असलेला माणूस लागतो."

"माणूस तोंड उघडत नसेल तर?"

"तर खुंटी माझ्या हातात राहील. खेचरं परत जातील."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की वडिलांची नोकरी मला आठवली. मी खुंटी दोन्ही हातांत धरली. ओकची होती, दीड फुटाची, टोकाला लोखंड.

मिस कोल्बी फॉसपाशी गेल्या. त्यांच्या खांद्याच्या खालपर्यंतच पोहोचत होत्या.

"लिअँडर," त्या म्हणाल्या, "कॅप्टन म्हणतात तसं तू म्हणालास तर ॲल्व्हाचं नाव लागेल. मला ते हवंय. देवाशपथ हवंय. आई मरताना त्याचं नाव घ्यायला घाबरली, शेजारणी बसल्या होत्या म्हणून. मी घरी जाऊन फाटकाशी उभी राहीन आणि पोरांना म्हणेन, गा रे." त्या थांबल्या. "पण मी तुला आधी एक विचारते. तसं झालं होतं का?"

फॉस यांनी टोपी डोक्यावर घातली. मग लगेच काढली.

"तू मला ज्या वर्षी पहिल्यांदा विचारलंस," ते म्हणाले, "तेव्हा मी लाकडं फोडत होतो तुझ्या अंगणात. आठवतं?"

"आठवतं. तू म्हणालास धूर होता."

"धूर नव्हता, थर्झा."

त्या हलल्या नाहीत.

"वारा होता. तटाकडून आमच्याकडं. धूर पार रस्त्यावर गेला होता. वर सगळं लख्ख दिसत होतं. ओटाची कणसंसुद्धा."

"फॉस," कॅप्टन म्हणाले, "विचार करून बोल."

"चौदा वर्षं केला, कॅप्टन. या झाडाखाली तुम्ही 'हेच' म्हणालात त्या दिवसापासून. मी तंबूत खरंच सांगितलं होतं. पर्सिमनपर्यंत गेलो, हे खरं होतं. तुम्हाला झाड ओळखता येत नव्हतं आणि मला येत होतं. सगळ्यांनी टोप्या काढल्या तेव्हा मीही काढली." त्यांचा आवाज अगदी सपाट होता, हजेरी घेतल्यासारखा. "त्याच्याआधीची पंचवीस वर्षं फक्त लाजेची होती. त्यानंतरची खोट्याची."

"कसली लाज?" मिस कोल्बी म्हणाल्या.

"खोलगटापाशी आलो तेव्हा डावीकडं कुणी नव्हतं. उजवीकडं कुणी नव्हतं. लेफ्टनंट गेला, निशाणवाला गेला. माझ्याकडं बघत होते सगळे, माझ्याहून मोठी माणसं, बापासारखी. मी म्हणालो, आडवे व्हा. कुणी मला सांगितलं नव्हतं. हुकूम पुढं जायचा होता. मी म्हणालो, आडवे व्हा, आणि ते झाले. साठ माणसं. अंधार पडल्यावर सरपटत मागं गेलो. त्यांतली चव्वेचाळीस घरी पोहोचली."

"मग काय चुकलं त्यात?" हे मिस्टर पेग्रम म्हणाले.

फॉस यांनी त्यांच्याकडे पाहिले, जणू हा प्रश्न कुणी विचारील असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

"एक जण आडवा झाला नाही," ते म्हणाले. "निशाण पडलं होतं ते त्यानं उचललं. मी ओरडलो, 'ॲल्व्हा, खाली!' त्यानं मागं वळून पाहिलं. मी दिसलो त्याला, थर्झा, मी पोटावर होतो. तो म्हणाला, 'लिअँडर, अजून राहिलंय की.' आणि गेला. कमरेएवढ्या ओटातून, चालत. धावलासुद्धा नाही. मी त्याला शेवटपर्यंत पाहिला. हे सांगितलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तो पुढं गेला तेव्हा तुम्ही बाकीचे कुठं होता. म्हणून धूर."

मिस कोल्बींचा हात वर उठला. मला वाटले त्या मारणार. तो हात तिथेच राहिला, मग त्यांनी स्वतःच्या टोपीची फीत घट्ट धरली.

"एकोणचाळीस हिवाळे," त्या म्हणाल्या.

"हो."

कॅप्टन हॅस्केल काठीवर दोन्ही हात ठेवून तटाकडे बघत होते. खालच्या रस्त्यावर खेचरांच्या घुंगरांचा आवाज येऊ लागला होता. वेळेआधीच निघाली होती ती.

"मिस व्हेनेबल," फॉस म्हणाले. त्यांनी टोपी घातली, नीट, सैनिक घालतात तशी. "खुंटी खाली ठोका, जुन्या बुंध्याशी. आम्ही तिथवर आलो. आणि शपथपत्रात लिहा, कॉर्पोरल ॲल्व्हा कोल्बी तिथून पुढं गेला, एकटा, आणि मी पाहिलं."